ज्या गावी आपण उतरत नाही

प्रवासाची हौस आपल्या समाजाला नवी नाही. पूर्वीची माणसे काशी-रामेश्वरास जात, हल्लीची हंपीस, कोकणात किंवा थंड हवेच्या ठिकाणी जातात. हेतू बदलला, वाहने बदलली. परंतु एक गोष्ट मात्र बदलली नाही. आपण घरातून पाय बाहेर टाकतो तेव्हा काय पाहावयाचे याची यादी आपल्या खिशात तयार असते. देऊळ, किल्ला, लेणी, धबधबा, समुद्रकिनारा यांपैकी काही ज्या गावी नाही, ते गाव आपल्या लेखी केवळ एक स्टेशन असते. तेथे गाडी थांबते, आपण चहा घेतो, आणि गाडी सुटते.

सोलापूर हे असे गाव आहे. पुण्यापासून ते सुमारे २५० किलोमीटरवर आहे. पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर, विजापूर या साऱ्या ठिकाणांच्या वाटा येथे एकत्र येतात. दरसाल लाखो माणसे या गावातून जातात. त्यांतली बरीचशी एखादी चादर काखोटीस मारून पुढच्या गाडीत बसतात. “सोलापुरात पाहण्यासारखे काय आहे?” असे विचारले, तर भुईकोट किल्ला आणि सिद्धेश्वराचा तलाव ही दोन नावे सांगून पुष्कळदा सोलापूरकरही गप्प बसतात.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा आमचा येथे प्रयत्न आहे. ज्या गावाने आपले आयुष्य काम करण्यात घालविले, त्या गावात ‘पाहण्यासारखे’ काय, असे विचारून काही हाती लागत नाही. तेथे चार साधे प्रश्न विचारावेत. माणसे येथे का आली? ती हातांनी काय करतात? ती काय खातात आणि कोणत्या भाषेत बोलतात? आणि या कष्टांच्या बदल्यात त्यांना काय मिळाले? हे चार प्रश्न बरोबर घेऊन हिंडले, तर असे गाव कोणत्याही लेण्याइतके पाहण्याजोगे असते, असा आमचा अनुभव आहे. विद्वानांना हे पूर्वीच पटलेले होते. मुंबई सरकारच्या कामगार खात्याने १९२०च्या दशकात सोलापूरच्या गिरणी कामगारांच्या घरखर्चाची पाहणी केली होती, आणि प्रा. धनंजयराव गाडगीळ यांचा या एका शहराच्या सामाजिक-आर्थिक अभ्यासावरचा ग्रंथ १९६५ साली प्रसिद्ध झाला. मागे राहिलो आहोत ते आपण प्रवासी.

पहिला प्रश्न घेऊ. माणसे येथे का आली?

सोलापूरचा मुलूख पर्जन्यछायेचा आहे. जमीन काळी आणि कसदार, पण पाऊस बेभरवशाचा. रब्बीची ज्वारी ओलाव्यावर आणि थंडीवर निघते. एक पाऊस चुकला की घरातली कणगी रिकामी. पाण्याची ही ओढ गावाच्या श्रद्धेतही उतरली आहे. बाराव्या शतकातील सिद्धरामेश्वर हे येथले ग्रामदैवत, आणि त्यांचे मोठे कार्य म्हणून लोक सांगतात ते तलाव खोदविल्याचे. पुढे इंग्रजी अमलात, १८७१ साली, गावाजवळ एकरुखचा मोठा तलाव पुरा झाला. त्यानंतर पाचच वर्षांनी, १८७६ मध्ये, दख्खनचा भयंकर दुष्काळ पडला आणि तो १८७८ पर्यंत रेंगाळला.

याच दुष्काळात, १८७७ साली, सोलापूरची पहिली कापडगिरणी सुरू झाली. लोक पुढे तिला ‘जुनी मिल’ म्हणू लागले. रेल्वे १८६० सालीच येऊन पोहोचली होती. तिने कोळसा आणि यंत्रे आणता येत, सूत आणि कापड दूरच्या बाजारी धाडता येई. कापूस आसपासच्या मुलखात पिकत होता. आणि ज्याच्या शेतात काही उरले नाही असा माणूस कामाच्या शोधात दारी उभा होता. कापूस, आगगाडी आणि दुष्काळ या तिहींतून हे शहर घडले, असे म्हणावयास हरकत नाही. जुन्या मिलच्या मागोमाग नरसिंगगिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम अशा गिरण्या उभ्या राहिल्या. हातमागाला लागणारे सूत घराजवळच मिळू लागल्याने तेलंगणातून पद्मशाली विणकरांची कुटुंबेही मोठ्या संख्येने आली. दक्षिणेकडून कानडी बोलणारी माणसे आली, दुष्काळी खेड्यांतून मराठी बोलणारी आली. भोंगा झाला की गाव उठे, भोंगा झाला की जेवे.

येथे आलेला प्रत्येक जण मात्र आपखुशीने आलेला नव्हता. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींवर जन्मानेच गुन्हेगार असा शिक्का मारला होता. अशा लोकांना ठेवण्यासाठी सोलापुरात तारेच्या कुंपणाची वसाहत उभारली गेली. हजेरी द्यावयाची, परवान्यावाचून बाहेर पडावयाचे नाही, आणि गिरणीत कामाला मात्र जावयाचे, असा तेथला रिवाज होता. हा कायदा १९५२ साली रद्द झाला. वसाहतीचा तो भाग ‘सेटलमेंट’ याच नावाने अजून ओळखला जातो. रिक्षावाल्यास सांगितले की तो नेऊन सोडतो. त्या शब्दामागे काय दडले आहे, याचा विचार आपण करावयाचा.

गावाच्या मध्यभागी चार हुतात्म्यांचे पुतळे आहेत. मे १९३० मध्ये, महात्मा गांधींच्या अटकेनंतर, गिरण्यांतले कामगार रस्त्यावर आले, गोळीबार झाला, आणि सरकारने सोलापुरात लष्करी कायदा पुकारला. पुढे १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. चार नावे नुसती मोठ्याने वाचावीत. हे गाव किती ठिकाणच्या माणसांचे बनले आहे, ते निराळे सांगावे लागत नाही.

जुन्या मिलची आणखी एक हकीकत फारशी कोणास ठाऊक नसते. १९४९ साली ही मिल मालकांनी बंद केली आणि हजारो कामगार उघड्यावर पडले. जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारने वटहुकूम काढून तिचा कारभार आपल्या हाती घेतला. त्यावर भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेले. १९५० साली एका भागधारकाचा अर्ज न्यायालयाने फेटाळला. पण १९५३ साली दुसऱ्या खटल्यात, भरपाई न देता मालमत्ता अशी ताब्यात घेता येत नाही, असा निर्णय झाला. अशा निर्णयांमुळेच १९५५ साली घटनेत चौथी दुरुस्ती करण्यात आली. मालकाचा हक्क मोठा की बंद गिरणीतल्या कामगाराची भाकरी मोठी, या प्रश्नाचा खल देशाच्या सर्वोच्च न्यायासनापुढे झाला, तो सोलापूरच्या एका गिरणीवरून. जाता जाता गाडीच्या खिडकीतून यातले काय दिसणार?

पुढे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठ्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. यंत्रे जुनी झाली, कर्जे वाढली, यंत्रमागाचे स्वस्त कापड बाजारात आले. भोंगे थांबले. पण लोकांची विणण्याची विद्या थांबली नाही. ती गिरणीच्या फाटकातून बाहेर पडून गल्लीबोळांत शिरली. येथे आपला दुसरा प्रश्न सुरू होतो. ही माणसे हातांनी काय करतात?

गावाच्या पूर्व भागात सकाळी चालावे. माग दिसण्याआधी त्याचा खडखडाट कानी येतो. कित्येक घरांत पुढच्या खोलीत माग आणि मागच्या खोलीत चूल, अशी मांडणी आहे. येथे विणली जाणारी जाड सुती चादर आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी असेल. तिच्यावरची नक्षी छापलेली नसते, विणलेली असते, आणि ती उलगडून पाहिली तर दोन्ही बाजूंस रंग उलटे दिसतात. एका बाजूस लाल जमिनीवर पांढरे फूल, तर दुसऱ्या बाजूस पांढऱ्या जमिनीवर लाल फूल. हे जॅकार्डच्या मागावर साधते. मागाच्या माथ्यावर भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरत असते. एक पुठ्ठा म्हणजे आडव्या धाग्याची एक ओळ. जेथे भोक, तेथे सुई आत शिरते आणि तिच्याशी जोडलेला उभा धागा वर उचलला जातो. जेथे भोक नाही, तेथे धागा खालीच राहतो. उचललेल्या आणि न उचललेल्या धाग्यांच्या मधून आडवा धागा जातो. अशा शेकडो ओळी झाल्या की एक फूल पुरे होते.

टॉवेलची युक्ती याहून निराळी आहे. टॉवेलवरचे जे वेटोळे पाणी टिपतात, ते येतात कोठून? त्या मागावर उभ्या धाग्यांचे दोन रूळ असतात. एका रुळाचे धागे ताठ ताणलेले, दुसऱ्याचे सैल. दोन आडवे धागे कापडाच्या कडेपासून थोडे अंतर ठेवून घालतात. तिसरा घातला की फणी तिन्ही धाग्यांना एकदम पुढे रेटते. ताठ धागे जागचे हलत नाहीत, सैल धागे मात्र मध्ये दुमडून वर उभे राहतात. तेच वेटोळे. सकाळी तोंड पुसताना ज्याचा विचार कधी मनात येत नाही, त्यात एवढी करामत आहे. सोलापूरची चादर आणि टॉवेल या दोन्ही मालांना कायद्याने भौगोलिक नावाचे संरक्षण मिळालेले आहे. दुसऱ्या गावच्या कारखानदाराने त्या नावावर माल विकू नये, हा त्याचा अर्थ.

मागावरचा माणूस आपल्याला दिसतो, त्याच्यामागची माणसे दिसत नाहीत. सूत रंगविणारे वेगळे, ताणा करणारे वेगळे. कांड्या भरणे, टॉवेलच्या कडा शिवणे, घड्या घालणे ही कामे बहुधा बायकांकडे. मजुरी नगावर असते, म्हणून वीज गेली की मजुरी गेली. कापसाची तूस छातीत जाते, खडखडाटाने कान मंदावतात. अलीकडे यंत्रमागही अडचणीत आहे, आणि पुष्कळ घरांतली तरुण मुले शाळांचे गणवेश शिवण्याच्या धंद्याकडे किंवा पुण्याकडे वळत आहेत. तेव्हा हा खडखडाट कायमचा आहे, असे समजू नये.

विडीचे काम याहून मुके आहे. या शहरात हजारो स्त्रिया विड्या वळतात. टेंभुर्णीची पाने भिजवून मऊ करावयाची, पत्र्याच्या मापाने कात्रीने कापावयाची, त्यात चिमूटभर तंबाखू घालून वळावयाची, दोऱ्याने बांधावयाची आणि टोक दुमडावयाचे. हिशेब हजारावर होतो. दारात सूप मांडीवर घेऊन बसलेल्या बाईचे हात चालू असतात, आणि डोळे मात्र चुलीवर, पोरावर, नळावर असतात. वळलेल्या विड्या कारखान्यात नेल्या की तेथे त्या तपासतात. पसंत नाहीत त्या ‘छाट’ म्हणून बाजूला काढतात. छाटीत गेलेल्या विडीचे कष्ट फुकट जातात.

येथे एक अवघड गोष्ट बोलावी लागते. तंबाखू शरीरास घातक आहे. ओढणाऱ्यास आहे आणि दिवसभर तिची धूळ श्वासात घेणाऱ्या बाईसही आहे. तंबाखूच्या विक्रीवर व जाहिरातीवर निर्बंध घालणारा २००३चा कायदा योग्यच आहे, असे आम्हांस वाटते. पण विडी बंद झाली तर सूप खाली ठेवून ही बाई कोठे जाईल, याचे उत्तर त्या कायद्यात नाही. विडी कामगारांसाठी १९६६ साली स्वतंत्र कायदा झाला, १९७६ साली कल्याण निधीचा कायदा झाला. त्यांनी काही आधार दिला, परंतु दुसरा धंदा दिला नाही. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. पुस्तकात वाचून त्यांतली एक बाजू धरणे सोपे असते. त्या दारासमोर उभे राहिले की ते तितके सोपे राहत नाही. असल्या गावी जाण्याचा हा एक मोठा लाभ आहे.

तिसरा प्रश्न खाण्याचा आणि भाषेचा. सोलापूरची कडक भाकरी आता सर्वत्र विकत मिळते, आणि लोक तिला चैनीची वस्तू समजू लागले आहेत. वास्तविक ती सोयीची वस्तू आहे. भाकरी पातळ थापून, भाजून, पार वाळवली की ती कित्येक दिवस टिकते. ज्याला रोज चूल पेटविण्यास सवड नाही, ज्याला दूर कामाला जावयाचे आहे, त्याच्यासाठी ती निघाली. तिच्या जोडीची शेंगाचटणी उखळात कुटतात. कुटताना दाण्याचे तेल सुटते, आणि म्हणून ती कोरडी असूनही ओलसर लागते. ज्वारी, शेंगा, लसूण, तिखट. या मुलखात जे पिकते तेच ताटात आहे, आणि त्यातून जी चव निघाली तिची नक्कल करण्यासाठी आता दूरदूरची दुकाने धडपडतात.

भाषेचे म्हणाल, तर एकाच चौकात मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी उर्दू कानी पडते. दुकानदार गिऱ्हाईक पाहून भाषा बदलतो. घरात तेलुगू, शाळेत मराठी, बाजारात कानडी आणि हिंदी, असे कित्येक मुलांचे रोजचे जीवन आहे. संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरते. पांढरी बाराबंदी घातलेले भक्त उंच नंदीध्वज पेलून नेतात आणि अक्षता-सोहळ्यास गाव लोटते. नारळी पौर्णिमेस पद्मशाली समाजाचा मार्कंडेयाचा रथ निघतो. नवरात्रात पूर्व भागातल्या बायका फुलांची बतुकम्मा रचून तिच्याभोवती फेर धरतात. भाषावार प्रांतरचनेच्या वादात आपण जे प्रश्न सभांतून सोडवू पाहत होतो, त्यांतले काही या गल्ल्यांनी कोणताही ठराव न करता सोडविलेले आहेत. तेढ येथे कधीच झाली नाही असे नाही. पण एकाच नळावर हंडा लावावयाचा असला की माणसाला शेजाऱ्याची भाषा शिकावीच लागते. आणि नळाचे पाणी ही या गावातील फार मोलाची वस्तू. उजनी धरण जिल्ह्यात असूनही कित्येक वर्षे शहराच्या नळांना रोज पाणी येत नसे, काही दिवसांआड येई. पाण्याचा वार असला की घरचे सारे वेळापत्रक त्याभोवती फिरे.

राहिला चौथा प्रश्न. बदल्यात काय मिळाले?

गिरणीतल्या माणसाला बहुधा भाड्याची खोली मिळाली, विडीवालीला तेवढेही नाही. म्हणून शहराच्या कडेला कुंभारी गावाजवळ उभी राहिलेली वसाहत प्रवाशाने अवश्य पाहावी. स्त्री विडी कामगारांच्या सहकारी संस्थेने, कामगार पुढारी नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली दीर्घ लढा देऊन, १०,००० घरे उभारली. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती देण्यात आली. वसाहतीस गोदूताई परुळेकरांचे नाव आहे. पुढे तेथेच रे नगर उभे राहिले. त्यातील १५,००० घरे जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते विडी कामगार, यंत्रमाग कामगार, कचरा वेचणारे अशा लोकांस देण्यात आली. घरे लहान आहेत. पण ज्या बाईने जन्मभर दुसऱ्याच्या पडवीत बसून विड्या वळल्या, तिच्या नावाचा दरवाजा तेथे आहे. आपण राजवाडे पाहण्यासाठी तिकीट काढतो. हे पाहण्यासाठी तिकीट नाही.

आता व्यवहाराच्या चार गोष्टी. अशा गावी निदान दोन रात्री राहावे. एका दिवसात गावाची सकाळ तरी दिसते किंवा रात्र तरी. स्टेशनजवळच्या दुकानात चादर घेण्याआधी ती विणताना पाहावी, आणि मग भाव करताना जीभ आपोआप आवरते. घराच्या दारात काम करणाऱ्या बाईशी बोलावयाचे तर “अक्का” म्हणून हाक मारावी, आधी परवानगी मागावी, आणि ती नको म्हणाली तर निमूट पुढे जावे. तिचे दार म्हणजे पदार्थसंग्रहालय नव्हे. विचारल्यावाचून छायाचित्र काढू नये. कीव तर मुळीच करू नये. कीव करणारा पाहुणा कामाच्या माणसाला लगेच ओळखू येतो. कामाची चौकशी करावी. आपल्या कामाविषयी कोणी नीट विचारले की माणूस मनापासून बोलतो, असे आम्ही सर्वत्र पाहिले आहे. आणि कोटणीसांच्या घरी जावे. चीनमध्ये जखमी सैनिकांची शुश्रूषा करता करता १९४२ साली ज्यांनी देह ठेवला, त्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचा जन्म याच गावी १९१० साली झाला. त्यांचे घर आता स्मारक आहे.

सोलापूर हे आम्ही एक उदाहरण म्हणून घेतले. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी ही त्याच जातीची गावे आहेत. आपण पांघरतो ते, पुसतो ते, नेसतो ते अशाच गावांतून येते; तेथली वस्तू आपल्या घरात आली, पण तेथला माणूस आपल्या ओळखीचा झाला नाही. माल ओळखीचा आणि माणूस अनोळखी, अशा समाजात मजुरीचा दर, बंद गिरणी, नळाचे पाणी हे सारे ‘त्यांचे’ प्रश्न होऊन बसतात, आणि मतपेटीपाशी उभे असतानाही आपल्याला ते आठवत नाहीत. येत्या सुट्टीत तुळजापूरला किंवा पंढरपूरला जाणारे आपल्यांत पुष्कळ असतील. त्यांनी देवदर्शन अवश्य करावे. परतताना मात्र सोलापूरला उतरावे, पूर्व भागात एक सकाळ चालावे, आणि आपल्या चादरीचा माग कोणाच्या घरात आहे ते पाहून यावे.